कवयित्री चालते, मग पोएटेस का नको? नेरूळमधल्या एका सातवीच्या वर्गाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नेरूळमधल्या एका सेमी-इंग्रजी शाळेतले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळे मराठीतून, अशी या शाळेची रचना. मुलांच्या घरी मराठीच बोलतात. कुणाचे वडील वाशीच्या बाजार समितीत (एपीएमसीत) माथाडी, कुणाचे न्हावा-शेवा बंदरात, कुणाची आई महापे-ऐरोलीकडच्या कार्यालयात. इंग्रजी शिकवणाऱ्या बाई अनुभवी आहेत, वर्गात त्यांचा दरारा आहे आणि पेपर त्या एकेक ओळ वाचून तपासतात. मी इंग्रजीच्या शिक्षकांबरोबर अभ्याससाहित्याचे काम करते. त्या नात्याने मुख्याध्यापिकांनी मला बोलावले.

इंग्रजीतले लिंग आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने शिकवले जाते. आधी चार खाने: पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, दोघांना चालणारी सामान्यलिंगी आणि वस्तूंसाठी नपुंसकलिंगी. मग जोड्यांची यादी, आणि ती पाठ करायची. या शाळेत ती झेरॉक्सच्या कागदावर होती आणि एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडे तशीच जात आली होती. किंग–क्वीन, अंकल–आंट यांच्याबरोबर त्यात कोल्ट–फिली (घोड्याचे नर आणि मादी शिंगरू) आणि स्टॅग–डो (हरणाचा नर आणि मादी) होते, बॅचलर–स्पिन्स्टर होते, आणि पोएट–पोएटेस, ऑथर–ऑथरेस, मेयर–मेयरेस हेही होते.

घटक चाचणीत काय झाले

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या चाचणीत पाच गुणांचा प्रश्न आला: लिंग बदला. दहा शब्द, प्रत्येकी अर्धा गुण. किंग, अंकल, बुल, विडो आणि बॅचलर हे पहिले पाच. पुढचे पाच पोएट, डॉक्टर, मेयर, बॅट्समन आणि कझिन. अपेक्षित उत्तरे यादीतली: पोएटेस, लेडी डॉक्टर, मेयरेस, बॅट्सवुमन, कझिन सिस्टर.

एका मुलीने पहिली पाच उत्तरे यादीप्रमाणे लिहिली. पुढे तिने पोएटसमोर पोएट, डॉक्टरसमोर डॉक्टर, मेयरसमोर मेयर, कझिनसमोर कझिन असे लिहिले आणि बॅट्समनसमोर बॅटर. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात ओळ होती: ‘हे शब्द बदलत नाहीत.’ तिला पाचपैकी अडीच गुण मिळाले.

तिची आई शाळेत आली. बोलणे शांतपणे झाले. ‘बाई, आमच्या ऑफिसात मिटिंगच्या कागदावर चेअरपर्सन लिहितात, बाई असो की पुरुष. हिचं चुकलं कुठे ते मला नीट समजावून सांगा.’ बाईंनी यादी दाखवली. त्याच संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप गटात विषय पेटला. बेलापूरच्या न्यायालयात कामाला असलेल्या एका वडिलांनी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये काढलेल्या पुस्तिकेची पाने टाकली. न्यायालयीन लेखनात स्त्रियांविषयीचे साचेबंद शब्द टाळावेत म्हणून ती काढलेली आहे आणि तिच्यात हाउसवाइफऐवजी होममेकर लिहावे असे सांगितले आहे. दुसऱ्या बाजूने तितक्याच तळमळीने उत्तर आले: ‘माझ्या मुलीने रात्री जागून यादी पाठ केली. आता यादीच चूक म्हणायची, तर तिने काय करायचं?’

या दुसऱ्या पालकांचा मुद्दा मला पहिल्याइतकाच खरा वाटतो. शाळेने दिले ते मुलीने प्रामाणिकपणे पाठ केले होते. शाळेने केलेल्या सुधारणेची किंमत तिने मोजू नये.

भाषेची बाजू

निर्णयांकडे वळण्याआधी भाषेत काय आहे ते पाहायला हवे, कारण वादातली दोन्ही बाजूंची माणसे मराठीच्या सवयीने इंग्रजीकडे पाहत होती.

मराठीत लिंग नामाच्या अंगातच असते. फळा तो, खुर्ची ती, पुस्तक ते. क्रियापद आणि विशेषण त्याच्यामागून जातात: ती आली, तो आला, मोठा फळा, मोठी खुर्ची. जुन्या इंग्रजीतही अशी तीन लिंगे होती. अकराव्या शतकानंतरच्या दोन-तीनशे वर्षांत ती गळून पडली. आजच्या इंग्रजीत ‘टीचर केम’ या वाक्यातून बाई आल्या की सर आले हे कळत नाही. पुढे ‘ही’ (he) किंवा ‘शी’ (she) आले तरच कळते. म्हणजे लिंग उरले ते मुख्यतः सर्वनामांत, आणि नामांपैकी थोड्यांत.

ही थोडी नामे एकाच तऱ्हेने बनलेली नाहीत. काही जोड्या मुळातच वेगळ्या शब्दांच्या: ब्रदर–सिस्टर, बुल–काऊ. काहींना शेवटी ‘एस’ (-ess) लागतो. तो फ्रेंचमधून आला, त्याच्यामागे लॅटिन आणि ग्रीक. प्रिन्सेस, वेट्रेस, हेअरेस यांत तो अजून जिवंत आहे. विडोअर उलट्या वाटेने बनला: मूळ शब्द स्त्रीचा, त्यावरून पुरुषाचा. डक हे सगळ्याच बदकांचे नाव आणि मादीचेही, नराला वेगळा ड्रेक. स्पिन्स्टर म्हणजे आधी सूत कातणारी. सतराव्या शतकापासून तो अविवाहित स्त्रीचा कायदेशीर उल्लेख झाला आणि पुढे त्याला हिणवण्याचा वास लागला. इंग्लंड-वेल्सच्या विवाह नोंदणीतून बॅचलर आणि स्पिन्स्टर हे दोन्ही शब्द 2005 मध्ये गेले, तिथे आता सिंगल लिहितात.

मॅनचेही तसेच. जुन्या इंग्रजीत ‘मन्’ म्हणजे माणूस, स्त्री किंवा पुरुष कोणीही. पुरुषासाठी ‘वेर’ होता, स्त्रीसाठी ‘वीफ’, आणि ‘वीफमन्’ पासून वूमन झाला. पुढे मॅन पुरुषाकडे सरकला, आणि ‘मॅन’ शेपटीला असलेले व्यवसायांचे शब्द अडचणीचे झाले. अमेरिकेच्या कामगार खात्याने 1977 च्या व्यवसायकोशात अशी नावे बदलली. स्टुअर्डेसच्या जागी फ्लाइट अटेंडंट रुळला.

या मुलांच्या अगदी जवळचे उदाहरण क्रिकेटचे. लंडनच्या मेरिलीबोन क्रिकेट क्लबने सप्टेंबर 2021 मध्ये खेळाच्या नियमांत बॅट्समन काढून बॅटर केले. आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी नेरूळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या सामन्यात शेफाली वर्माने 87 धावा काढल्या. या वर्गातली मुले तो सामना पाहून चाचणीला बसली होती. बॅट्सवुमन शब्दकोशात सापडतो, पण त्या रात्री तो कोणाच्या तोंडी नव्हता.

पोएटेसचा गुंता मात्र वेगळा आहे आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बाईंचा युक्तिवाद असा होता: मराठीत आपण कवयित्री मानाने म्हणतो, बहिणाबाईंना कवी म्हटले तर कानाला खटकेल, मग इंग्रजीत पोएटेस म्हणण्यात अपमान कसला? प्रश्न योग्य होता. उत्तर शब्दाच्या वापरात आहे. मराठीत लेखिका, कवयित्री, शिक्षिका हे रोजचे, सन्मानाचे शब्द आहेत, कारण वाक्याला लिंग लागतेच. इंग्रजीत वाक्याची ती गरज नाही. त्यामुळे मुद्दाम लावलेला ‘एस’ वेगळा उठून दिसतो, आणि पोएटेस म्हटले की खरी पोएट दुसरी कोणीतरी, असा सूर लागतो. आजचे कोश पोएटेस आणि ऑथरेस यांवर ‘जुना’ असा शेरा मारतात. अॅक्ट्रेसचे तसे नाही. काही वृत्तपत्रे दोघांनाही अॅक्टर लिहितात, पण ऑस्करचे पारितोषिक अजून अॅक्ट्रेस याच नावाने दिले जाते. प्रत्येक शब्दाचे आयुष्य वेगळे आहे, आणि एका नियमाने सगळ्यांना हाकता येत नाही.

मेयरेसमध्ये तर अर्थच घसरतो. इंग्लंडमध्ये तो मुख्यतः मेयरच्या पत्नीला वापरतात. मराठीच्या बाईंनी इथे फार नेमके सांगितले: पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, मास्तरीण कधी शिकवणारी तर कधी मास्तरांची बायको. आणि नवी मुंबईच्या पालिकेत बाई निवडून आल्या तरी पद महापौरच राहते.

कोणते पर्याय समोर होते

मुख्याध्यापिकांच्या खोलीत चार पर्याय निघाले.

पहिला, उत्तरसूची आहे तशी ठेवायची. इंग्रजीच्या बाईंचा कल इकडे होता, आणि त्यामागे हट्ट नव्हता. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पर्यायी उत्तरांतून एकच खूण करायची असते. तिथे पोएटसमोर पोएटेस हाच पर्याय असेल, तर नवे शिकलेले मूल अडखळेल. ‘मुलांचे गुण गेले तर भाषा कशी बदलली हे मी कुणाला सांगू?’ असे त्या म्हणाल्या. हा मुद्दा शेवटपर्यंत पूर्णपणे सुटला नाही.

दुसरा, प्रश्न रद्द करून सगळ्यांना पाच गुण द्यायचे. मुख्याध्यापिकांना हा पसंत होता, कारण वाद त्या दिवशी मिटला असता. मी विरोध केला. विडोअर आणि काऊ न आलेल्या मुलांनाही पूर्ण गुण मिळाले असते, आणि वर्गाला आपण काय शिकलो ते कळलेच नसते.

तिसरा, पुढच्या पाच शब्दांना दोन्ही उत्तरे ग्राह्य धरायची. चौथा, फक्त नवी उत्तरे बरोबर धरायची. चौथा कुणीच फार वेळ धरून ठेवला नाही. यादी पाठ करणाऱ्या मुलांवर तो अन्याय होता.

पहिला निर्णय: गुण

तिसरा पर्याय स्वीकारला, पण सरसकट नाही. शब्दकोश घेऊन एकेक शब्द पाहिला. पोएटेस जुना असला तरी इंग्रजी शब्द आहे, म्हणून पोएट आणि पोएटेस दोन्ही बरोबर. बॅटर आणि बॅट्सवुमन दोन्ही बरोबर. मेयरेस आणि मेयर दोन्ही बरोबर, कारण शाळेनेच मेयरेस शिकवला होता.

कझिन सिस्टरवर चर्चा लांबली. आपल्याकडे हा शब्द सर्रास चालतो, कारण आतेबहीण, मामेबहीण, चुलतबहीण हे सगळे एका शब्दात सांगायचे असते. प्रमाण इंग्रजीत कझिन एवढाच शब्द पुरतो. शेवटी दोन्हींना गुण दिले आणि वर्गात फरक सांगायचे ठरले.

लेडी डॉक्टरबद्दल मी आग्रह धरला. दवाखान्याच्या पाटीवर तो शब्द उपयोगी असतो. अनेक स्त्रियांना तपासायला स्त्रीच हवी असते आणि पाटीवरून ते कळते. पण डॉक्टरचे स्त्रीलिंगी रूप म्हणून तो शिकवू नये. आनंदीबाई जोशी 1865 मध्ये कल्याणला जन्मल्या आणि 1886 मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. ती पदवी एम. डी. होती. डॉक्टर हा शब्द त्यांच्या नावामागे काहीही न जोडता उभा राहतो. या चाचणीपुरते लेडी डॉक्टरला गुण दिले, पुढच्या यादीतून तो काढला.

सगळ्यांचे पेपर पुन्हा तपासले. कुणाचा गुण कमी झाला नाही, काहींचे वाढले.

दुसरा निर्णय: खरी चूक कुठे आहे

पेपर पुन्हा पाहताना जे दिसले त्याने कामाची दिशा बदलली. त्याच पेपरात ‘माझे कुटुंब’ आणि ‘माझी शाळा’ यावर दहा ओळी लिहायच्या होत्या. यादी बिनचूक लिहिणाऱ्या मुलांनी तिथे शाळेला ‘शी’ म्हटले होते आणि फळ्याला ‘ही’. शाळा ती, फळा तो, म्हणून. पुस्तकाला मात्र इट, कारण पुस्तक मराठीतही ते. म्हणजे मूल बरोबर लिहीत होते तिथेही कारण चुकीचेच होते.

वडिलांबद्दलच्या ओळी सगळ्यांत बोलक्या होत्या. ‘माय फादर वर्क्स इन एपीएमसी. दे गो अर्ली.’ आईसाठी ‘शी’, वडिलांसाठी ‘दे’ (they). मराठीत आई ती आणि वडील ते. मूल आदर लिहीत होते. इंग्रजीत हा आदर सर्वनामातून दाखवता येत नाही, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. स्त्री की पुरुष हे ठाऊक नसलेल्या एका व्यक्तीला इंग्रजीत दे म्हणतात, आणि तो वापर कित्येक शतकांचा आहे. त्याचा या चुकीशी संबंध नाही, पण दोन्ही गोष्टी वर्गात एकाच वेळी आल्या तर गोंधळ होईल. म्हणून तो वापर आठवीसाठी ठेवला.

एका जागी मराठीचा फायदा होता. त्याचा भाऊ, तिचा भाऊ, त्याची बहीण, तिची बहीण: आपण मालक आणि वस्तू दोघांचेही लिंग दाखवतो. इंग्रजीत फक्त मालकाचे. हिज आणि हर निवडताना मुलांनी ‘त्या’ की ‘ति’ एवढेच पाहायचे, ‘चा’ की ‘ची’ सोडून द्यायचे. हे सांगितल्यावर वर्गाला लगेच कळले.

काय केले

इंग्रजीच्या आणि मराठीच्या बाईंनी मिळून तास घेतले, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी पडले ते हेच. फळ्यावर एका बाजूला मराठी वाक्ये, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मुलांनी प्रत्येक वाक्यात लिंग कुठे दिसते त्याखाली रेघ मारली. मराठीच्या बाजूला तीन-तीन रेघा, इंग्रजीच्या बाजूला एखादी, कधी एकही नाही.

यादी नव्याने केली. रोज लागणाऱ्या जोड्या एका गटात: नाती, राजा-राणी, ओळखीचे प्राणी, वेटर–वेट्रेस. न बदलणारे शब्द दुसऱ्या गटात: डॉक्टर, टीचर, पोएट, मेयर, कझिन, पायलट. तिसऱ्या गटात ‘जुन्या पुस्तकांत भेटतील’ असे: पोएटेस, ऑथरेस, स्पिन्स्टर. कोल्ट–फिली काढावे का, यावर एकमत झाले नाही. मला ते ओझे वाटते, बाईंना शिष्यवृत्तीसाठी हवे होते. ते राहिले. परीक्षेला बसणाऱ्यांसाठी वेगळे अर्धे पान केले आणि त्यावर स्पष्ट लिहिले: पर्यायात पोएटेस असेल तर तोच निवडा, स्वतः लिहिताना पोएट लिहा.

बंदरात काम करणाऱ्या एका वडिलांच्या मुलाने विचारले की बाबा जहाजाला शी म्हणतात, ते चूक का? चूक नाही. खलाशांची ती जुनी रीत आहे. लॉइड्स लिस्ट या जहाजवाहतुकीच्या वृत्तपत्राने 2002 मध्ये ती सोडून इट स्वीकारले, तरी माणसे शी म्हणतातच. मुलगा समाधानाने बसला.

परिणाम

वार्षिक परीक्षेत सुटे शब्द आले नाहीत. एक परिच्छेद होता, त्यातल्या आजोबांच्या जागी आजी आणायची आणि सगळे बदल करायचे. बहुतेकांना जमले. वस्तूंना ही-शी म्हणणे बरेच कमी झाले. वडिलांना दे म्हणणे टिकून राहिले. घरातला आदर इतका आत मुरलेला असतो की दोन तासांत तो वेगळा काढता येत नाही, आणि त्याबद्दल मुलांना रागावण्याचे कारणही नाही.

यादी पाठ करणाऱ्या मुलीच्या आईचे समाधान पूर्ण झाले नाही. ‘गुण राहिले, पण तिची मेहनत फुकट गेली’ हे त्यांचे म्हणणे राहिले. दुसऱ्या तुकडीत वर्षअखेरपर्यंत जुनाच झेरॉक्स चालू होता.

वेगळे काय करता आले असते

वाद गटात गेला तेव्हा शाळा दोन दिवस गप्प राहिली. त्याच संध्याकाळी ‘पेपर पुन्हा पाहतो, कुणाचा गुण कमी होणार नाही’ एवढी एक ओळ लिहिली असती तर अर्धी तगमग वाचली असती.

ज्या मुलीमुळे हे सुरू झाले तिला सगळ्यांत शेवटी विचारले गेले. पेन्सिलीची ती ओळ तपासतानाच दिसायला हवी होती. विचारल्यावर तिने सरळ सांगितले की सामन्यात सगळे बॅटर म्हणत होते, आणि इंग्रजीच्या पुस्तकात कवितेखाली स्त्रीचे नाव असले तरी पोएटच लिहिलेले असते. हे तिने यादीशी ताडून पाहिले होते. ते पाच मिनिटांचे बोलणे पहिल्या दिवशी झाले असते, तर पर्यायांची चर्चा गुणांवरून सुरू न होता तिथून सुरू झाली असती.

आणि वेळापत्रक. मराठीचा लिंगविचार जूनमध्ये होतो, इंग्रजीचा नोव्हेंबरमध्ये. दोन्ही पाठ एकाच आठवड्यात घ्यावेत असे दोन्ही बाईंनी पुढच्या वर्षासाठी लेखी सुचवले आहे. सूचना मुख्याध्यापिकांकडे आहे.